सबरोगेशनचे वाद कोर्टात भिजत ठेवू नका : जनरल इन्शुरन्स कौन्सिल आणि विमा कंपन्यांच्या दावे विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. महासचिव, जनरल इन्शुरन्स कौन्सिल, मुंबई
तसेच सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांचे दावे आणि वसुली विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात इलेक्ट्रिक पॅनेल पेटते आणि सामाईक भिंतीपलीकडचा गाळाही जळतो. जळालेल्या गाळ्याची फायर पॉलिसी एका कंपनीची असते. जिथे आग सुरू झाली त्या गाळ्याची लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारी, दुसऱ्या कंपनीची असते. पहिली कंपनी आपल्या विमाधारकाचा क्लेम देते, त्याच्याकडून सबरोगेशन पत्र, म्हणजे नुकसान करणाऱ्याकडून वसुलीचा त्याचा हक्क कंपनीला देणारे पत्र, घेते आणि त्याच्या जागी उभी राहून शेजाऱ्याकडे नुकसानभरपाई मागते. यापुढचा वाद कागदावर दोन गाळेमालकांचा दिसला, तरी पैसे द्यायचे-घ्यायचे असतात दोन विमा कंपन्यांनाच. दोघींकडे सर्व्हेअर आहेत, दोघींना नुकसानीचे हिशेब कळतात, आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये त्यांच्या बाजू उलट झालेल्या असतात. तरीही फाइल दिवाणी न्यायालयात जाते. साक्षीदार नोकरी सोडून जातात, जळालेले पॅनेल भंगारात जाते, आणि शेवटी वसुली विभाग ती रक्कम बुडीत धरतो.

आमची मागणी एकच आहे. कौन्सिलने सर्व सभासद कंपन्यांसाठी एक कायमस्वरूपी आंतरकंपनी लवाद करार, म्हणजे आपसातले वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाच्या निवाड्याने मिटवण्याचा करार, तयार करावा, कंपन्यांनी त्यावर एकदाच सह्या कराव्यात आणि ठरावीक रकमेपर्यंतचे परस्परांमधले सबरोगेशनचे वाद त्याच वाटेने सोडवावेत. पॉलिसीच्या कागदावर जे लवादाचे कलम असते ते कंपनी आणि विमाधारक यांच्यामधले असते, त्याच्याशी या कराराचा संबंध नाही. विमा लोकपालाचे दारही विमाधारकासाठीच आहे. कंपनी विरुद्ध कंपनी या वादाला आज दिवाणी न्यायालय किंवा मोटार न्यायाधिकरण याखेरीज रोजच्या वापरातली दुसरी जागा नाही. इन्शुरन्स अ‍ॅक्ट 1938 च्या कलम 64 सी खाली स्थापन झालेले कौन्सिल हेच या कामाला योग्य व्यासपीठ आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1943 पासून विमा कंपन्या अशी व्यवस्था चालवत आहेत. करारावर सही केलेल्या कंपन्यांना एक लाख डॉलरपर्यंतचे दावे तिथेच न्यावे लागतात आणि लवाद म्हणून प्रामुख्याने सभासद कंपन्यांमधलीच प्रशिक्षित माणसे बसतात. ती व्यवस्था जशीच्या तशी इथे उचलता येणार नाही. आपला लवाद कायदा, मोटार वाहन कायदा आणि मुदतीचा कायदा यांच्याशी ती कुठे कुठे अडते ते आधी पाहायला हवे. पत्राचा बराचसा भाग त्यासाठीच आहे.

आधी हक्काचा पाया. सागरी विम्यात सबरोगेशन हे मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्ट 1963 च्या कलम 79 मध्येच लिहिलेले आहे. इतर नुकसानभरपाईच्या पॉलिसींत ते न्यायतत्त्वातून येते आणि सबरोगेशन पत्राने पक्के होते. चरण स्पिनिंग मिल्स प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याचे तीन प्रकार स्पष्ट केले: न्यायतत्त्वाने आपोआप मिळणारे, करारपत्राने मिळणारे, आणि सबरोगेशनसोबत हक्काचे हस्तांतरणही असलेले. पहिल्या दोन प्रकारांत दावा विमाधारकाच्याच नावाने चालतो. वसुली विभागात येणाऱ्या पुष्कळ फाइलींमध्ये नेमका कोणता प्रकार आहे हे पत्राच्या मसुद्यावरून कळतच नाही, कारण जुना छापील नमुना वर्षानुवर्षे तसाच वापरला जातो. लवाद करारासोबत कौन्सिलने सबरोगेशन पत्राचा एकच नमुना द्यावा. त्यात विमाधारकाची तीन गोष्टींना लेखी संमती असावी: कंपनीने त्याच्या वतीने लवादापुढे जाणे, त्याचा एक्सेस (क्लेममधला त्याने स्वतः सोसायचा वाटा) आणि विम्याबाहेरचे नुकसान त्याच दाव्यात मागणे, आणि कागदपत्रे व साक्षीसाठी सहकार्य करणे. ही संमती क्लेमचा चेक देतानाच घ्यावी. वर्षभराने विमाधारकाला गाठून सही मागणे फार अवघड जाते.

दायित्वाच्या बाजूला मोठी अडचण आहे. मोटार विमा सोडला, तर नुकसान सोसणाऱ्याला समोरच्याच्या विमा कंपनीवर सहसा थेट हक्क नसतो. त्याचा हक्क नुकसान करणाऱ्यावर असतो आणि कंपनी त्या नुकसान करणाऱ्याची भरपाई करते. म्हणजे लवादापुढे गेल्या गेल्या दुसरी कंपनी म्हणेल की तुमचा माझ्याशी करार नाही, माझ्या विमाधारकावर निकाल आणा, मग बघू. ही हरकत कराराच्या पहिल्याच पानावर सोडून दिलेली असली पाहिजे. करारातले वचन साधारण असे असावे: माझा विमाधारक कायद्याने जेवढा जबाबदार ठरला असता आणि माझ्या पॉलिसीने जेवढे संरक्षण दिले असते, तेवढी रक्कम मी थेट समोरच्या कंपनीला देईन. हे एक वाक्य नसेल तर बाकीच्या करारावर शाई खर्च करू नये.

याच वाक्याने दुसरी गाठही सुटते. मोटार अपघातातील त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 165 खालच्या न्यायाधिकरणाकडे जातो आणि कलम 175 दिवाणी न्यायालयाला अशा दाव्यांपासून दूर ठेवते. एखाद्या कायद्याने विशेष न्यायाधिकरण नेमलेले असेल तर तो वाद खासगी लवादाकडे नेता येतो का, हा प्रश्न कोणते वाद लवादाकडे जाऊ शकतात यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विद्या द्रोलिया निकालानंतर कोणीही उपस्थित करू शकते. म्हणून लवादापुढचा दावा कलम 166 खाली न्यायाधिकरणाकडे करायच्या अर्जाची जागा घेणारा नसावा. तो दोन कंपन्यांनी एकमेकींना दिलेल्या वचनाखालचा, निव्वळ करारातून येणारा दावा असावा. मसुदा लिहिणाऱ्या वकिलांनी हा फरक शब्दाशब्दात सांभाळावा. मृत्यू आणि इजेचे दावे या कराराच्या पूर्ण बाहेर ठेवावेत. अपघातग्रस्त माणसाच्या हक्काला कंपन्यांमधल्या व्यवस्थेचा स्पर्शही होता कामा नये.

इजेच्या दाव्यांतून उरणारा एक तुकडा मात्र आत घ्यावा. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर तो कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई घेऊ शकतो, हे खेनयेई प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दुसरा पक्ष त्या दाव्यात नसेल तर ज्याने पूर्ण रक्कम भरली त्याने आपापसातली वाटणी नंतर स्वतंत्र कार्यवाहीत मागावी, असेही त्यात आहे. ती स्वतंत्र कार्यवाही म्हणजे दोन विमा कंपन्यांमधला टक्केवारीचा शुद्ध वाद असतो. लवादासाठी याहून योग्य वाद शोधून सापडणार नाही.

दोन्ही गाड्यांना ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, संरक्षण असेल तिथे ‘नॉक फॉर नॉक’ची वहिवाट, म्हणजे ज्याने त्याने आपल्या विमाधारकाचे नुकसान सोसायचे, ती तशीच राहू द्या. रोजच्या किरकोळ ठोकरींना ती पुरेशी आहे आणि लवादाच्या फीपेक्षा स्वस्त पडते. करार हवा आहे तो जिथे दोन वेगळ्या जातीच्या पॉलिसी एकमेकींसमोर येतात तिथे. ट्रक दुकानाच्या दर्शनी भागात घुसतो, तेव्हा दुकानाची फायर पॉलिसी आणि ट्रकचे त्रयस्थ संरक्षण समोरासमोर येतात. माल भिजतो तेव्हा मरीन कार्गो पॉलिसी आणि वाहतूकदाराची किंवा गोदामवाल्याची लायबिलिटी पॉलिसी. क्रेन कोसळते तेव्हा प्रकल्पाची इंजिनिअरिंग पॉलिसी आणि उपकंत्राटदाराचे दायित्व. अशा जोड्यांमध्ये नॉक फॉर नॉक लागू होत नाही आणि रकमा मोठ्या असतात.

आता पैशाचा हिशेब. आमच्या मते निम्मे वाद दोष कोणाचा यावर नसतात, आकड्यावर असतात. कंपनीने विमाधारकाला जे दिले तेवढे समोरच्याकडून मिळालेच पाहिजे, असा समज वसुली विभागात घट्ट बसलेला आहे. तो चुकीचा आहे. पॉलिसीतून दिलेली रक्कम करारावर ठरते आणि नुकसान करणाऱ्याकडून मिळणारी रक्कम कायद्याच्या नुकसानभरपाईवर.

समजा, जळालेले यंत्र पाच वर्षांचे आहे आणि पॉलिसी पुनर्स्थापना मूल्याची, म्हणजे जुन्याच्या जागी नवे देणारी. नव्या यंत्राची किंमत 40 लाख. साल्व्हेज, म्हणजे जळालेल्या यंत्राची उरलेली किंमत, 3 लाख वजा केले की उरले 37 लाख. त्यावर 5 टक्के एक्सेस 1.85 लाख. कंपनीने दिले 35.15 लाख. आगीच्या आदल्या दिवशी त्या यंत्राची बाजारातली किंमत 26 लाख होती असे धरू. मग शेजाऱ्याकडून मागता येण्याजोगे नुकसान 26 वजा 3, म्हणजे 23 लाख. मालकाने ज्वलनशील माल भिंतीला टेकवून रचला होता, म्हणून लवादाने 30 टक्के दोष त्याच्याकडे धरला. निवाडा 70 टक्क्यांचा, म्हणजे 16.10 लाखांचा. ही रक्कम कंपनी आणि विमाधारक यांच्यात 35.15 ला 1.85 या प्रमाणात, म्हणजे 95 आणि 5 टक्के अशी वाटायची ठरली, तर कंपनीला 15,29,500 रुपये आणि विमाधारकाला 80,500 रुपये. दाव्याच्या अर्जात 35.15 लाख लिहून जो अधिकारी अडून बसेल तो सुनावणीत तर हरेलच, पण तडजोडीची वेळही घालवेल.

या उदाहरणातले वाटणीचे प्रमाण हा आमचा पर्याय आहे. आधी विमाधारकाचे पूर्ण नुकसान भरून मग कंपनीने घ्यावे, असाही नियम करता येईल. कोणताही ठेवा, पण करारात लिहा. विमा अपुरा असेल, म्हणजे 100 ची मालमत्ता 60 ला उतरवलेली असेल, तर विमाधारकाचा वाटा एक्सेसपुरता छोटा राहत नाही. तिथे न लिहिलेला नियम सरळ विमाधारकाच्या खिशावर पडतो. ज्या विमाधारकाने कंपनीला संमती दिलेली नाही, त्याचा विम्याबाहेरचा हक्क निवाड्याने बुडत नाही हेही स्पष्ट लिहावे, कारण तो लवाद कराराचा पक्षकार नाही.

आकड्यांच्या फाइलमध्ये हमखास अडणाऱ्या आणखी काही जागा आहेत. ‘नॉन स्टँडर्ड’ तत्त्वावर (अट मोडलेली असूनही काही टक्के कापून) किंवा अनुग्रह म्हणून क्लेम दिला असेल, तर समोरची कंपनी म्हणते की तुम्ही देणे लागतच नव्हता, स्वेच्छेने दिलेल्या पैशाचे सबरोगेशन नसते. म्हणून मंजुरीच्या टिपणात पॉलिसीखालची जबाबदारी कुठल्या कलमाने आली ते लिहिलेले असावे. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणाऱ्या, पॉलिसीत दिलेला घसारा समोरच्याकडून जसाच्या तसा मागता येईल असे गृहीत धरू नये. सर्व्हे रिपोर्ट हा पुरावा आहे, निकाल नव्हे. समोरच्या कंपनीला मोडतोड पाहण्याची संधीच न देता साल्व्हेज विकून टाकले असेल, तर त्या रिपोर्टचे वजन निम्म्यावर येते. त्यामुळे करारात अशी अट असावी की मोठ्या नुकसानीत दायित्वाच्या कंपनीचे नाव कळताच तिला सात दिवसांत ईमेलने सूचना द्यावी आणि त्यानंतर दहा दिवस साल्व्हेज हलवू नये. ही मुदत आम्ही सुचवलेली आहे, बदलता येईल. अट मात्र हवीच.

दायित्वाच्या बाजूलाही मर्यादा असतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी सामान्यतः साडेसात लाखांची मर्यादा असते, दुचाकीला एक लाखाची. प्रीमियममधली सूट घेऊन ती 6,000 रुपयांवर आणलेलीही सापडते. रस्तामार्गे माल नेणाऱ्या वाहतूकदाराचे दायित्व, मालाची जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर, नियमांनुसार भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. आणि कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट 2007 च्या कलम 16 प्रमाणे माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलेली नसेल, तर पुढचे सगळे व्यर्थ. ही नोटीस सर्व्हेअरच्या पहिल्या भेटीच्या दिवशीच विमाधारकाकडून पाठवून घ्यावी. क्लेम मंजूर होईपर्यंत थांबण्यात सहा महिने सहज जातात.

मुदतीचा प्रश्न सर्वांत धोक्याचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. सबरोगेशन घेणारी कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहते, तेव्हा त्याचे घड्याळही तिच्याकडे येते. मुदत नुकसानीच्या तारखेपासून मोजायची, क्लेम दिल्याच्या तारखेपासून नाही. बहुतेक दाव्यांना मुदतीच्या कायद्याखाली तीन वर्षे मिळतात, पण त्यातले पहिले दीड वर्ष क्लेमच्या फाइलमध्येच गेलेले असते. मोटार न्यायाधिकरणात तर 2019 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, सहा महिन्यांची मुदत घातली गेली आणि तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. लवादाला मुदतीचा कायदा लवाद कायद्याच्या कलम 43 प्रमाणे लागू आहेच. त्याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे लवादाची कार्यवाही समोरच्याला मागणी पोचली त्या तारखेला सुरू होते, पण पक्षकारांना वेगळे ठरवण्याची मुभा त्याच कलमात आहे. म्हणून करारात लिहावे की कौन्सिलच्या पोर्टलवर दावा नोंदला तोच क्षण पोच मानला जाईल. पोर्टलने तारीख आणि वेळ गोठवलेली पावती दोन्ही कंपन्यांना पाठवावी. मुदत करारानेच वाढवून घेऊ, असा विचार कोणी करत असेल तर तो सोडावा. आपल्या कायद्यात तसे चालत नाही.

खरा सापळा याच्या पुढे आहे. विमा कंपनीविरुद्ध लवादात दावा नोंदला, तरी ज्याने नुकसान केले त्या माणसाविरुद्धचे घड्याळ थांबत नाही. तो लवादात पक्षकारच नाही. समजा, दायित्वाच्या कंपनीने दोन वर्षे दहा महिन्यांनी सांगितले की आमच्या विमाधारकाने प्रीमियमच भरला नव्हता किंवा पॉलिसीची अट मोडली, सबब संरक्षण नाही. तेव्हा सबरोगेशन घेणाऱ्या कंपनीकडे त्या माणसावर दिवाणी दावा लावायला दोन महिने उरतात. म्हणून संरक्षण नाकारायचे असेल तर ते दावा मिळाल्यापासून 60 दिवसांत, कारणासह, लेखी सांगणे बंधनकारक करा. त्या मुदतीत सांगितले नाही तर या करारापुरता तो बचाव गेला असे माना. संरक्षण नाकारल्याचा वाद स्वतः लवादाने सोडवू नये. तो त्या कंपनी आणि तिच्या विमाधारकामधला आहे, आणि विमाधारकाच्या पाठीमागे त्याचा निकाल लावणे अन्यायाचे होईल. अशी फाइल पोर्टलने बंद करावी, म्हणजे दावेदार कंपनी वेळ असतानाच कोर्टाची वाट धरू शकेल. शेवटच्या सहा महिन्यांत असलेल्या फाइली पोर्टलने लाल दाखवाव्यात, आणि त्या नोंदताना नुकसान करणाऱ्याविरुद्ध स्वतंत्र दावा लावला का, हा प्रश्न सक्तीचा असावा.

लवाद कोण असावा? अमेरिकेतला मार्ग, म्हणजे कंपन्यांमधल्याच जाणकारांना बसवणे, आम्हाला आवडतो. जळालेल्या पॅनेलचा फोटो पाहून शॉर्टसर्किट आतून सुरू झाले की बाहेरून, याचा अंदाज ज्याला येतो तोच हे काम एका बैठकीत करू शकतो. पण लवाद कायद्याचे कलम 12(5) आणि सातवी अनुसूची इथे आडवी येते. पक्षकाराचा कर्मचारी लवाद होऊ शकत नाही, आणि ही बंदी वाद उद्भवल्यानंतर दिलेल्या स्पष्ट लेखी संमतीनेच उठते, आधी सही केलेल्या करारातल्या कलमाने नाही. शिवाय 8 नोव्हेंबर 2024 च्या घटनापीठाच्या निकालानंतर एका पक्षाने एकतर्फी लवाद नेमण्याला जागा राहिलेली नाही. तेव्हा नेमणूक कोणत्याही कंपनीच्या हातात नसावी. नामिका (लवादांची यादी) कौन्सिलची असावी, चिठ्ठी यंत्राने निघावी, आणि निवडलेला लवाद दोन्ही पक्षांशी संबंध नसलेल्या तिसऱ्या कंपनीचा किंवा निवृत्त असावा.

‘संबंध नसलेला’ हे आपल्या धंद्यात वाटते तितके सोपे नाही. मोठ्या फायर पॉलिसीत सहविमा असतो, म्हणजे एकच जोखीम अनेक कंपन्या वाटून घेतात. लीडर एक कंपनी, मागे चार जणी दहा-दहा टक्क्यांच्या. त्यातल्या कोणत्याही कंपनीचा माणूस त्या फाइलवर चालणार नाही. चार सार्वजनिक कंपन्यांचा मुख्य मालक एकच, केंद्र सरकार, म्हणून एका सार्वजनिक कंपनीच्या वादात दुसऱ्या सार्वजनिक कंपनीचा अधिकारी बसवू नये. तोच नियम मोठ्या खासगी समूहांनाही लावावा. पुनर्विमाही, म्हणजे विमा कंपनीने आपल्या जोखमीसाठी दुसरीकडे उतरवलेला विमाही, तपासावा. हे सगळे लवादाच्या स्मरणशक्तीवर सोडू नका. दावा नोंदताना सहविमा आणि पुनर्विम्याची यादी भरल्याशिवाय पोर्टल पुढे जाऊ देऊ नये, आणि कलम 12 ची लेखी घोषणा प्रत्येक फाइलला वेगळी घ्यावी.

कामकाजासाठी लवाद कायद्याच्या कलम 29 बी चा जलद मार्ग वापरावा: एक लवाद, लेखी निवेदने, तोंडी सुनावणी दोन्ही बाजूंनी मागितली किंवा लवादाला गरज वाटली तरच, आणि काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत निवाडा. पहिल्या टप्प्यात 25 लाख रुपयांपर्यंतचे वाद सक्तीने, त्यावरचे दोन्ही कंपन्यांच्या संमतीने. गंभीर फसवणुकीचा आरोप असेल तर फाइल बाहेर. दावेदाराने पहिल्याच दिवशी सगळे कागद जोडावेत: दोन्ही पॉलिसींची माहिती, सर्व्हे रिपोर्ट आणि त्याचे फोटो, अग्निशमन दलाचा किंवा पोलिसांचा अहवाल, पंचनामा, मालाच्या बाबतीत बिल्टी (वाहतूकदाराची पावती) आणि पोच देताना तिच्यावर मारलेला शेरा, बिले, साल्व्हेजचा हिशेब, सबरोगेशन पत्र, क्लेम दिल्याचा बँकेचा पुरावा. उत्तराला 45 दिवस. उलट दावा असेल तर तो त्याच फाइलमध्ये, नाहीतर कंपन्यांपुरता गेला. एफआयआर जोडला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असे लिहिणारे अर्ज फार येतात. एफआयआर तक्रारीची नोंद आहे. धडक कशी झाली हे नकाशा, वाहनांवरच्या खुणा, डॅशकॅम आणि चालकाच्या जबाबातून दाखवावे लागते.

अर्ज करण्याआधी दोन कागद अवश्य वाचावेत. पहिला, विमाधारक आणि समोरचा यांच्यातला करार. भाडेकरार, कंत्राट किंवा गोदामाच्या पावतीत ‘सबरोगेशनचा हक्क सोडला आहे’ असे वाक्य असेल तर दावा तिथेच संपतो. दुसरा, विमाधारकाने नुकसानीनंतर समोरच्याला लिहून दिलेले काहीही. शेजाऱ्याने चहा पाजून पन्नास हजार हातावर ठेवले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले, तर कंपनीच्या हातात फार थोडे उरते. क्लेम फॉर्ममध्येच विमाधारकाला मोठ्या अक्षरात सांगा की असे काही लिहून देऊ नका.

लवादांच्या प्रशिक्षणाबद्दल एक कळकळीची विनंती. पन्नास-पन्नास टक्के वाटून मोकळे होण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण उद्या त्याच कंपन्यांशी काम करायचे असते. कलम 28(2) प्रमाणे पक्षकारांनी स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय लवाद निव्वळ न्यायबुद्धीने निकाल देऊ शकत नाही. करारात तो अधिकार देऊ नका. निवाड्यात दोषाची टक्केवारी आणि ती कशावरून काढली हे एका पानात लिहिलेले असावे. कलम 31(3) कारणे गाळण्याची परवानगी देते, पण ती घेऊ नये. कारणे नसलेल्या निवाड्यावर हरलेल्या कंपनीचा विश्वास बसत नाही आणि कलम 34 खाली आव्हानाची इच्छा वाढते. तीन किंवा अधिक पक्ष असतील तर प्रत्येकाची टक्केवारी ठरवावी आणि प्रत्येक कंपनीने फक्त आपल्या वाट्याचे द्यावे. जो पक्ष करारात नाही त्याचा वाटा बाकीच्यांवर लादू नये. एका फाइलमधली टक्केवारी दुसऱ्या कोणत्याही दाव्यात, विशेषतः इजेच्या दाव्यात, कोणाविरुद्ध वापरता येणार नाही हे वाक्यही हवे. ते नसेल तर कोणतीही कंपनी मोकळेपणाने बाजू मांडणार नाही.

पैसे देण्याची मुदत 30 दिवस. त्यानंतर व्याज किती ते निवाड्यातच लिहावे. लिहिले नाही तर कलम 31(7) प्रमाणे प्रचलित दराहून दोन टक्के अधिक लागते. दोन कंपन्यांची देणी-घेणी महिन्याअखेर एकमेकींत वळती करता येतील, पण विमाधारकाच्या एक्सेसचा वाटा त्या वळतीत घालू नका. ती रक्कम त्याच्या खात्यात वेगळी गेली पाहिजे आणि त्याला पत्राने कळले पाहिजे. पुनर्विमाकाराचा वाटाही त्याच आठवड्यात लावावा. वर्षअखेरीला तो शोधत बसण्यात लेखा विभागाचे दिवस जातात. निवाडा योग्य मुद्रांकावर निघतो का, हे पोर्टलनेच पाहावे. अंमलबजावणीच्या वेळी कमी मुद्रांक हा सर्वांत स्वस्त अडथळा असतो.

आमची विनंती अशी आहे की कौन्सिलने कराराचा मसुदा, सबरोगेशन पत्राचा नमुना आणि नुकसानीच्या सूचनेचा ईमेल नमुना हे तीन कागद आधी सभासदांपुढे ठेवावेत. सुरुवात सगळ्या शाखांतून करण्याऐवजी ट्रक आणि इमारत, तसेच कार्गो आणि वाहतूकदार या दोन प्रकारच्या वादांपासून, सही करायला तयार असलेल्या चार-पाच कंपन्यांना घेऊन करावी. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक निवाड्याचा सारांश नावे काढून सगळ्या सभासदांना पाठवावा. त्यात दावा मागितलेला किती, मंजूर किती आणि फरक कशामुळे पडला हे तीन रकाने असावेत. मसुद्यावर कलमवार सूचना लेखी द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
दावे, सर्व्हे आणि वसुलीच्या कामातील काही सहकारी